अंगठ्याचं बूड सैल झालंय, ऑपरेशन करून घेऊ का?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

माझं वय ३७. जुळे सोलापुरात राहते. घरूनच कडक भाकरीचा धंदा आहे. ज्वारी-बाजरी मिळून रोज दीडशे-पावणेदोनशे भाकरी होतात, सणावाराला जास्त. मदतीला एक बाई आहे, पण मळणं आणि थापणं माझ्याच हातचं लागतं, गिऱ्हाइकाला तेच पाहिजे. दोन वर्षांपासून उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखायलंय. आधी संध्याकाळी दुखायचं, आता सकाळचा पहिला उंडा मळतानाच कळ येते. बरणीचं झाकण उघडेना, किल्ली फिरवली की डोळ्यांत पाणी येतंय. कधीकधी आत काहीतरी ‘कट’कन सरकल्यासारखं होतं. सासूबाई आंबेहळदीचा लेप लावतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

एका डॉक्टरांनी एक्स-रे काढला. म्हणाले, झीज अगदी सुरुवातीची आहे, पण सांधा सैल आहे. मनगटाजवळच्या शिरेची पट्टी काढून नवीन लिगामेंट बांधू, म्हणजे पुढची झीज थांबेल. दुसऱ्या डॉक्टरांनी तोच एक्स-रे बघितला आणि म्हणाले, यात काहीच नाही, इंजेक्शन घ्या. पुढं फारच झिजलं तर तिथलं हाडच काढून टाकता येतं. आता मी कुणाचं ऐकू? फोटोत काही नसताना ऑपरेशन कशाला? मनगटाची शीर कापली तर मनगट लुळं पडणार नाही ना? आणि परत भाकरी थापता येईल का? मालक मागावर जातात, त्यांच्या एकट्याच्या पगारावर भागत नाही. पावसाळ्यात भाकरी सादळते म्हणून तेव्हा धंदा मंद असतो, बाकी आठ महिने उसंत नाही. मुलगी दहावीला आहे, हे पत्र तिनंच लिहून दिलंय, माझ्याच्यानं आता पेन धरवत नाही.

– एक भाकरीवाली

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द आहे ‘कट’. दुखणं सगळ्यांचंच सारखं असतं, पण काहीतरी सरकल्यासारखं होतं हे सगळेच सांगत नाहीत. त्यामुळं पहिल्या डॉक्टरांनी ‘सांधा सैल आहे’ म्हटलं त्यात मला तथ्य वाटतं. दुसरे डॉक्टरही चुकलेले नाहीत. फक्त दोघं वेगवेगळ्या टप्प्यांबद्दल बोलताहेत, आणि ते तुम्हाला कुणी उलगडून सांगितलेलं दिसत नाही.

आधी सांधा समजून घ्या. अंगठ्याचं हाड मनगटात जिथं बसतं तिथं ट्रॅपेझियम नावाचं एक छोटं हाड असतं. दोन्ही हाडांची टोकं खोगिरासारखी, एकमेकांवर उलटी ठेवलेली. म्हणून तर अंगठा पुढं, मागं, आडवा असा सगळीकडं फिरतो आणि प्रत्येक बोटाला जाऊन टेकतो. पण इतकं फिरणाऱ्या सांध्याला खोबण उथळ ठेवावी लागते. मग त्याला जागेवर धरायचं काम हाडाकडे न राहता भोवतीच्या लिगामेंटकडे, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांकडे जातं. यातलं तळहाताच्या बाजूचं एक आणि मागच्या बाजूचं एक, ही दोन महत्त्वाची. जुन्या पिढीतले सर्जन तळहाताच्या बाजूच्या लिगामेंटला सगळं श्रेय देत. अलीकडे मागच्या बाजूचं लिगामेंट जास्त जाड आणि बळकट असल्याचं पुढं आलं आहे.

तुमच्या घरात जातं असेल नसेल, पण सासूबाईंना विचारा. जात्याच्या मधली खीळ सैल झाली की वरची तळी डुगडुगते, एकाच बाजूला घासते आणि तिथंच झिजते. तुमच्या अंगठ्याचं तेच चाललं आहे. लिगामेंट ही खीळ. हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर, ज्याला आम्ही कूर्चा म्हणतो, ती जात्याची तळी. खीळ सैल झाली आहे, तळी अजून बरीचशी शाबूत आहे. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीवर अवलंबून आहेत.

भार किती पडतो तेही ऐका. अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी चिमटीत १ किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या बुडाशी साधारण १२ किलोचा दाब पडतो. बरणीचं झाकण, किल्ली, उलथणं, तवा उचलायची सांडशी, भरलेली परात कडेला धरून सरकवणं, ही सगळी चिमटीचीच कामं. थापण्यात तसा फार त्रास नसतो, तिथं बोटं सपाट असतात. खरा घात मळण्यात आहे. तळहाताच्या मुळाने पीठ रगडताना सगळा जोर अंगठ्याच्या बुडावरूनच जातो. पीठ जुनं असेल, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असेल, तर दुप्पट रगडावं लागतं. भाकरी चिरू नये म्हणून तुम्ही किती मळता हे मला सांगायची गरज नाही, मी सोलापुरातच वाढलो.

आता ‘फोटोत काही नसताना’ या तक्रारीकडं येतो. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही आणि कूर्चाही दिसत नाही. दोन हाडांमधली फट दिसते, तिच्यावरून कूर्चेचा अंदाज बांधायचा. या सांध्याच्या झिजेचे चार टप्पे मानतात. पहिल्यात फट नेहमीसारखी असते, उलट आत सूज असेल तर थोडी रुंदच दिसते. दुसऱ्यात फट जराशी कमी होते, कडेला २ मिलिमीटरपेक्षा लहान हाडाचे कण दिसतात. तिसऱ्यात फट जवळजवळ संपते. चौथ्यात शेजारचा सांधाही बिघडलेला असतो. पहिल्या टप्प्याचा साधा एक्स-रे ‘नॉर्मल’ असू शकतो आणि माणूस मात्र कळवळत असतो. म्हणून दोन्ही अंगठ्यांच्या कडा एकमेकींवर दाबून एक खास एक्स-रे काढतात. त्यात सैल सांधा बाहेर सरकलेला दिसतो. तुमचा तसा काढलाय का, हे पत्रात नाही. काढला नसेल तर ऑपरेशनचा विषय निघण्याआधी तो काढून घ्या. स्वस्त आहे, पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी एक खातरजमा. अंगठ्याच्या बुडाशी दुखणारं सगळं काही याच सांध्याचं नसतं. मनगटाच्या कडेला, अंगठ्याच्या शिरा (रक्ताच्या नव्हेत, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) ज्या नळीतून जातात तिथं सूज येऊनही असंच दुखतं, आणि रोज पीठ मळणाऱ्या बायकांत ते खूप दिसतं. उमेदवारीच्या काळात मी स्वतः एका बाईंच्या सांध्याचं दुखणं शिरांचं समजून दोन महिने चुकीच्या जागी उपचार केले होते. त्यांनी बोट ठेवून दाखवलं होतं, मीच नीट पाहिलं नव्हतं. तुम्हीही एका बोटाने नेमकी जागा दाखवा. डॉक्टरांनी अंगठ्याचं हाड धरून, किंचित दाबून गोल फिरवलं आणि तीच कळ उठली, तर सांधा. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडं वाकवलं आणि कळ उठली, तर शिरा. दोन्ही एकत्रही असू शकतात. सकाळी तासभर बोटं आखडलेली राहत असतील, दोन्ही हातांचे बाकी सांधेही सुजत असतील, किंवा चिकुनगुनिया होऊन गेल्यापासून हे सुरू झालं असेल, तर ते आवर्जून सांगा. आमवाताच्या रक्ततपासण्या कराव्या लागतील. आमवात असेल तर मी खाली जे सांगतो ते ऑपरेशन तुमच्यासाठी नाही, कारण ज्या आजाराने जुनं लिगामेंट खाल्लं तो नवंही खाईल.

पहिल्या डॉक्टरांनी सुचवलेलं हे लिगामेंट बांधायचं ऑपरेशन काही नवं खूळ नाही. न्यूयॉर्कच्या ईटन आणि लिटलर या दोन सर्जननी ते १९७३ मध्ये मांडलं. आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. मनगट पुढं वाकवणारी एक जाड शीर कोपराखालच्या पोटरीसारख्या स्नायूतून निघून तळहाताकडं येते. मूठ आवळून मनगट वाकवलं की अंगठ्याच्या बाजूला दोरीसारखी उठून दिसते तीच. तिची उभी अर्धी पट्टी सोडवून घेतात. पट्टीचं हाताकडचं टोक तर्जनीच्या हाडाला चिकटलेलंच ठेवतात. मग अंगठ्याच्या हाडाच्या बुडाला आरपार भोक पाडून पट्टी त्यातून मागच्या बाजूला काढतात, सांध्याला वळसा घालून पुन्हा पुढं आणतात आणि ताणून शिवतात. म्हणजे एकाच पट्टीने पुढूनही बांधलं आणि मागूनही. ताण किती द्यायचा ही सर्जनच्या हाताची गोष्ट. ढिलं राहिलं तर केलं न केलं सारखं, फार आवळलं तर अंगठा आखडतो.

मनगट लुळं पडेल का? नाही. शीर अर्धीच घेतात, उरलेली आपलं काम करत राहते, आणि मनगट वाकवायला दुसरी शीरही असते. महिना-दोन महिने तिथं ओढ लागेल, पुढं लक्षातही राहणार नाही. ती काळजी सोडून द्या.

काळजी करायचीच तर ती वेगळ्या गोष्टींची. अंगठ्याच्या मागच्या बाजूला कातडीजवळून बारीक संवेदना-नसा जातात. त्या दुखावल्या तर तिथं बधिरपणा येतो, क्वचित नुसत्या स्पर्शालाही झिणझिण्या उठतात. काहींचा हात ऑपरेशननंतर बराच काळ सुजलेला, लालसर आणि आखडलेला राहतो. हे कमी जणांत होतं, पण झालं तर महिने जातात. जंतुसंसर्ग कुठल्याही ऑपरेशनला असतोच. साखर असेल तर आधी ताब्यात आणावी लागेल. आणि आता जरा घरच्यासारखं विचारतो, मिश्री लावता का? लावत असाल तर ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही आठवडे पूर्ण बंद. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, मग ती ओढा, चघळा नाहीतर दातांना घासा.

मुख्य मुद्दा असा की हे ऑपरेशन नवी खीळ ठोकतं, झिजलेल्या तळीला टाकी लावत नाही. म्हणून ते पहिल्या टप्प्यालाच शोभतं, फार तर दुसऱ्याच्या सुरुवातीला. तिसऱ्या टप्प्यात कुणी ‘लिगामेंट बांधून देतो’ म्हणालं, तर तिथून उठून यावं. तुमचे दुसरे डॉक्टर जे हाड काढायचं म्हणतात, ते त्या पुढच्या टप्प्यांसाठी. ट्रॅपेझियम काढून टाकतात, रिकाम्या जागी कधी शिरेची गुंडाळी ठेवतात, कधी तशीच सोडतात. दुखणं जाण्याच्या दृष्टीनं ते ऑपरेशन चांगलं आहे. पण अंगठा थोडा आखूड होतो, चिमटीची ताकद परत यायला सहा महिने ते वर्ष जातं, आणि एकदा काढलेलं हाड परत बसवता येत नाही. पासष्टीच्या आजींना मी ते बिनदिक्कत सुचवेन. ३७ व्या वर्षी, कूर्चा शाबूत असताना, त्याची वाट बघत बसायचं हे मला पटत नाही. आणि वाट बघायची म्हणून दर चार महिन्यांनी इंजेक्शन घेत राहणं तर मुळीच नाही. स्टेरॉइडचं एखादं इंजेक्शन सूज उतरवायला ठीक आहे, काही आठवडे ते काही महिने बरं वाटतं. पण बरं वाटतंय म्हणून तुम्ही पावणेदोनशेच्या सव्वादोनशे करणार, आणि सैल खीळ तशीच राहणार.

मग करून घ्या म्हणतो का? अजून नाही.

पुढची झीज थांबेल, असं पहिल्या डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं, ते मी थोडं सौम्य करून सांगेन. ऑपरेशन झालेल्यांकडे सरासरी १५ वर्षांनी परत पाहिलं गेलं आहे आणि बहुतेकांच्या सांध्याची झीज फारशी पुढं गेलेली नव्हती. दुखणंही बहुतेकांचं कमी झालं होतं. ही चांगली गोष्ट आहे. पण असे अहवाल छोट्या गटांचे आहेत, वीस-पंचवीस अंगठ्यांचे, आणि त्या लोकांनी रोज पावणेदोनशे भाकरी मळलेल्या नाहीत. शिवाय सैल सांध्याच्या कितीतरी जणांचं ऑपरेशनशिवायही भागतं, फक्त उपचार मनापासून झाले पाहिजेत. तुमच्या पत्रात लेप आहे, इंजेक्शनचा सल्ला आहे, पण पट्टा नाही, व्यायाम नाही. म्हणजे मधली पायरी कुणी चढूच दिलेली नाही.

ती पायरी तीन महिन्यांची आहे. हाताचं काम जाणणारे फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट गाठा. त्यांच्याकडून अंगठ्याचं फक्त बूड धरणारा आणि टोक व मनगट मोकळं ठेवणारा पट्टा मापाने करून घ्या. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा मिळतो. मेडिकलमधला मनगटाला गुंडाळायचा तयार बेल्ट नको, त्यानं मनगट बांधलं जातं आणि अंगठा मोकळाच राहतो. पहिले तीन-चार आठवडे रात्री आणि दिवसा जमेल तितका वेळ, नंतर कामाच्या वेळी. पिठात हात घालताना पट्टा घालता येणार नाही हे मला कळतं. म्हणूनच मळण्याचं काय करायचं ते खाली वेगळं सांगतो.

व्यायामाची गंमत अशी की बहुतेकांना रबरी चेंडू दाबायला सांगितलं जातं. तुम्ही दाबू नका. सैल सांध्यावर चिमटीचा जोर वाढवणं म्हणजे आगीत तेल. तुम्हाला हवा तो स्नायू अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या फुगवट्यात आहे, तो अंगठ्याच्या हाडाला खोबणीत ओढून धरतो. हात टेबलावर करंगळीच्या कडेवर ठेवा, तर्जनीला डब्याचा रबर अडकवा आणि तर्जनी अंगठ्याच्या दिशेने हळू सरकवा. अंगठा जागेवर. दुखलं तर थांबायचं. दुसरं म्हणजे अंगठा-तर्जनीचा गोल ‘ओ’ करून बघा. अंगठ्याचा मधला सांधा आत मोडत असेल, म्हणजे उलटा वाकत असेल, तर थेरपिस्टना दाखवा. तो उलटा वाकला की बुडाचा सांधा आणखी बाहेर ढकलला जातो. ऑपरेशनची वेळ आलीच तर सर्जननाही हे दाखवायचं, नाहीतर बूड बांधलं आणि मधला सांधा तसाच राहिला, की बांधलेलं पुन्हा ताणलं जातं.

आता मळणं. गिऱ्हाइकाला तुमच्या हातची थापलेली भाकरी हवी आहे, हे मान्य. पण तुमच्या हातचं मळलेलं पीठ त्यानं कधी पाहिलंय? मळायचं छोटं यंत्र घ्या, नाहीतर मदतीच्या बाईंना मळायला शिकवा आणि थापणं तुमच्याकडं ठेवा. पीठ ताजं दळून आणा, आठवड्याचं एकदम नको. विरी असेल तर कोमट पाण्यातही नीट गोळा येतो. जरा शंका असली तर उकळतं पाणी घालून थोडा वेळ झाकून ठेवा. निम्मं मळण्याचं काम पाणीच करतं. सांडशीऐवजी दोन्ही हातांनी कापड धरून तवा उतरवा. उलथण्याच्या दांड्याला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून दांडा जाड करा. जितकी पकड जाड, तितकी चिमटी सैल. बरण्यांची झाकणं मुलगी उघडेल. आणि सासूबाईंचा लेप चालू ठेवायला हरकत नाही. उष्णतेनं आराम पडतो, त्यांचंही मन राहतं. फक्त लेपावर लिगामेंट घट्ट व्हायची आशा ठेवू नका.

हे सगळं मार्चपासून मेपर्यंत. तोपर्यंत मुलीची परीक्षाही उरकलेली असेल. दर रविवारी एका वहीत तीन गोष्टी लिहायच्या: त्या आठवड्यात किती भाकरी झाल्या, रात्री दुखून जाग आली का, आणि ‘कट’ किती वेळा झालं. मे अखेर वही उघडा. दुखणं निम्म्यावर आलं असेल तर ऑपरेशनचं नाव काढू नका, हेच चालू ठेवा आणि वर्षाने एक्स-रे काढा. वहीत फरक दिसला नाही, सांधा तसाच सरकतोय, आणि खास एक्स-रेतही सैलपणा स्पष्ट आहे, तर मग मी पहिल्या डॉक्टरांच्या बाजूचा. आणखी दोन वर्षं ढकलू नका. आज जे ऑपरेशन शक्य आहे ते तळी झिजल्यावर शक्य नसेल.

तसं ठरलं तर महिना जून. तुम्हीच लिहिलंय, पावसाळ्यात भाकरी सादळते आणि धंदा मंद असतो. दुसरं असं की एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात प्लास्टर घालून बसणं म्हणजे शिक्षाच, आतून इतकं खाजतं की लोक विणायच्या सुया घालून खाजवतात आणि जखम करून घेतात. ऑपरेशनला संपूर्ण भूल लागेलच असं नाही. बहुधा फक्त हात बधिर करतात, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. टाके दहा-चौदा दिवसांनी. प्लास्टर साधारण चार ते सहा आठवडे, कधी आतून बारीक तार घातलेली असते ती त्याच सुमारास काढतात. मग काढता-घालता येणारा पट्टा आणि हालचाली. चिमटीचे व्यायाम दोन महिन्यांच्या आसपास. जोराचं काम तीन-चार महिन्यांनंतर. म्हणजे जूनमध्ये झालं तर दसरा-दिवाळीच्या सुमारास तुम्ही थापायला बसाल, मळायला नाही. हाताचा पूर्ण भरवसा यायला सहा महिने धरा. भोगीच्या तिळाच्या बाजरीच्या भाकरीची मोठी ऑर्डर घ्यायची की नाही हे डिसेंबरात ठरवा, आधी शब्द देऊ नका.

भाकरी थापता येईल का, याचं माझं उत्तर ‘बहुतेक हो’ असं आहे. पावणेदोनशे येतील का, याचं उत्तर कुठलाही प्रामाणिक सर्जन देणार नाही. मी असतो तर शंभरावर थांबलो असतो आणि भाव वाढवला असता. पण तो सल्ला डॉक्टरकीतला नाही.

सर्जनना परत भेटाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: ‘सांधा उघडल्यावर झीज फोटोपेक्षा जास्त निघाली तर तुम्ही काय करणार?’ सांधा उघडल्याशिवाय कूर्चा खरी कशी आहे ते कळत नाही, त्यामुळं ही वेळ येऊ शकते. त्यावेळी तुम्ही टेबलावर असाल आणि बाहेर मालकांना घाईनं सही करायला सांगतील. उत्तर आधीच ऐकून, आधीच ठरवून ठेवा. तुमची परवानगी नसताना हाड काढलं जाऊ नये. असे किती अंगठे केले हेही विचारा. लाजू नका. वर्षाला एखाद-दुसरा करणाऱ्यापेक्षा हाताच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्याकडे जा. सोलापुरात जमलं नाही तर पुण्याची एक फेरी परवडते.

खर्चाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण मालकांचा पगार लिहिलात त्यात ते आलं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण योजनेत शस्त्रक्रियांची यादी ठरलेली असते. तुमची नेमकी शस्त्रक्रिया कुठल्या नावाखाली बसते का, आणि त्या रुग्णालयाला ती मंजूर आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही. आपल्या सिव्हिलच्या अस्थिरोग ओपीडीतही एकदा दाखवून या. रांग असते, पण तिसरं मत मिळेल, आणि त्या मताचा तुमच्या खिशाशी काही संबंध नसेल. बुडणाऱ्या मिळकतीचा हिशोब मात्र कुठलीही योजना करत नाही. जून ते सप्टेंबर घर कसं चालेल हे मालकांबरोबर बसून आत्ताच मांडा. माझ्या अनुभवात ऑपरेशन फसतं ते बरेचदा इथं: सहाव्या आठवड्यात हात बरा वाटतो, घरात पैसा नसतो, आणि बाई गुपचूप परात ओढते.

थेरपिस्टकडं पहिल्यांदा जाताना मुलीला सांगून मळताना आणि थापताना तुमच्या हाताचा मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या, वरून एक आणि कडेनं एक. तपासणीच्या टेबलावर हात जे सांगत नाही ते परातीत सांगतो. आणि मे अखेरीस वहीतलं मला कळवा. पत्र मुलीनंच लिहिलं तरी चालेल, तिचं अक्षर छान आहे.

तुमचा,
डॉक्टर